ओटी, माजघर आणि ऑफिस: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

‘कामाची जागा’ या विषयावर प्रश्न मागवले होते. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पत्रांतले आठ प्रश्न इथे घेतले आहेत. मापे बहुतेक फुटांत दिली आहेत, कारण आपला सुतार आणि गवंडी फुटांतच बोलतो.

प्रश्न : आमची जाहिरात आणि वेबसाइट डिझाइनची नऊ जणांची कंपनी आहे. नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ६५० चौरस फूट जागा घेतली आहे. इंटिरिअर डिझायनरने सगळा मोकळा हॉल, मधोमध एक लांब टेबल, कोपऱ्यात माझी काचेची केबिन आणि खिडकीपाशी बीनबॅग असा नकाशा दिला आहे. भिंती नसल्या की माणसे बोलती होतात, कल्पना सुचतात आणि मुंबईच्या ग्राहकावरही छाप पडते, असे त्यांचे म्हणणे. पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. – एक वाचक, रत्नागिरी

तुम्हाला पटत नाही ते बरोबर आहे, आणि ते खोडून काढण्याइतकी माहितीही उपलब्ध आहे. हार्वर्डमधील एथन बर्नस्टाइन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन मोठ्या कंपन्या भिंती काढून मोकळ्या जागेत गेल्या, तेव्हा त्यांनी कर्मचाऱ्यांच्या अंगावर सेन्सर लावून आधीचे आणि नंतरचे बोलणे मोजले. समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि ईमेल वाढले. चारचौघांत बोलायचे म्हटले की माणूस आवरते घेतो, आणि आपल्याला कुणी मधेच उठवू नये म्हणून कानात हेडफोन घालतो.

अंतराचे म्हणाल तर एमआयटीच्या थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की दोन टेबलांमधले अंतर वाढत जाते तसे बोलणे झपाट्याने कमी होते आणि ५० मीटरच्या पुढे ते जवळजवळ थांबते. तुमच्या ६५० चौरस फुटांत सर्वांत लांबची दोन टेबलेही ३०-३५ फुटांपलीकडे जाणार नाहीत. म्हणजे मोकळ्या हॉलने जी अडचण सुटते ती तुम्हाला मुळात नाहीच. नऊ माणसांच्या छोट्या जागेत कमी पडते ती शांतता. एक जण फोनवर ग्राहकाला समजावत असला की उरलेले आठ जण ते ऐकत बसतात.

आता कल्पकतेचा भाग. एमआयटीतच ‘बिल्डिंग २०’ नावाची एक लाकडी इमारत होती. १९४३ मध्ये रडारच्या संशोधनासाठी घाईघाईने उभारलेली, युद्ध संपले की पाडायची म्हणून ठेवलेली. ती १९९८ पर्यंत टिकली आणि तिथून विज्ञानातले कितीतरी मोठे काम बाहेर पडले. दिसायला ती गोदामासारखी होती. पण भिंत पाडायची, जमिनीला भोक पाडून वायर खाली सोडायची, तर कुणाची परवानगी लागत नसे. ब्रिटनमध्ये एक्सेटर विद्यापीठातील क्रेग नाइट आणि अलेक्स हॅस्लम यांचा २०१० चा अभ्यासही तेच सांगतो. कोरे टेबल दिलेल्यांपेक्षा झाडे आणि चित्रे लावून दिलेल्या टेबलावर लोकांनी चांगले काम केले. आणि ती झाडे, ती चित्रे स्वतःच्या मनाने मांडायला मिळाली, त्यांनी सर्वांत चांगले केले. मांडून झाल्यावर कुणी येऊन ती पुन्हा बदलली, तर तो फायदा नाहीसा झाला.

म्हणून आमचा सल्ला असा की नकाशा कोकणी घराच्या रचनेवरून काढा. खळे (अंगण), पडवी, ओटी, माजघर (आतली मोठी खोली) ही उतरंड एका कामाची आहे: बाहेरचा माणूस कुठवर येतो आणि घरचा माणूस कुठे निवांत असतो, हे कुणी न सांगता कळते. ऑफिसालाही नेमके तेच हवे असते.

दारातून आत आल्यावर ६० चौरस फूट खळ्यासारखे ठेवा: छत्री, चपला, रेनकोट आणि कुरिअरची जागा. कोकणात चार महिने इथे पाणी गळणार, तेव्हा जमिनीला खरबरीत कोटा फरशी आणि दाराकडे किंचित उतार द्या. त्यानंतर १२० चौरस फुटांची ओटी: सहा जणांचे टेबल, भिंतीवर लिहायचा मोठा फळा, ग्राहकाला बसायची जागा. चहाही इथेच प्यायचा, म्हणजे गप्पा इथे होतात. मग ३३० चौरस फुटांचे माजघर, नऊ टेबलांचे. टेबल ४ × २ फूट, उंची २९ इंच, दोन ओळींच्या पाठीमागे किमान ३ फूट वाट. स्क्रीन खिडकीला काटकोनात. खिडकी पाठीशी आली तर स्क्रीनवर चकाकी पडते, समोर आली तर डोळे दुखतात. उरलेल्यात ५ × ५ फुटांच्या दोन खोपी, फोन आणि एकट्याने विचार करण्यासाठी. राहिलेले ९० चौरस फूट पॅन्ट्री आणि सामानाला. तुमची वेगळी केबिन यात नाही. गोपनीय बोलणे खोपीत होईल.

खोपी बांधताना दोन चुका हमखास होतात. सुतार पार्टिशन फॉल्स सिलिंगपर्यंतच नेतो. मग आवाज वरच्या पोकळीतून पलीकडे उतरतो आणि दाराला कितीही भारी काच लावली तरी उपयोग होत नाही. पार्टिशन स्लॅबला भिडले पाहिजे आणि दाराखालची फट रबराने बंद झाली पाहिजे. दुसरी चूक हवेची. आठ फूट उंचीच्या अशा बंद खोपीत एक माणूस वीस मिनिटे बसला की कार्बन डायऑक्साइड सुमारे १००० पीपीएमने वाढतो. डोके जड होते आणि मग लोक दार उघडे ठेवून बोलू लागतात. छताला ४ इंची पाइपवर छोटा पंखा बसवून हवा बाहेर काढा आणि आत यायला दाराच्या वरच्या बाजूला आडवळणाची जाळी द्या.

रिकाम्या हॉलमध्ये उभे राहून एक टाळी वाजवा. आवाज झणझणत राहिला तर जमिनीच्या क्षेत्रफळाच्या पाव हिश्शाएवढा तरी मऊ पृष्ठभाग लागेल. मुंबईत यासाठी जाड पडदे, गालिचे, कापडामागे रॉकवूल असे सुचवतात. इथे ते आषाढ संपायच्या आत कुबट होतात. पॉलिएस्टर फेल्टचे ९ ते १२ मिमी जाडीचे पॅनेल घ्या, भिंतीपासून एक-दीड इंच सोडून लावा. मागच्या पोकळीमुळे ते खालचा सूरही थेट भिंतीला चिकटवण्यापेक्षा जास्त शोषतात, आणि भिंतीची ओल त्यांना लागत नाही.

बीनबॅगवर लॅपटॉप घेऊन अर्धा तास बसले की मान आखडते, आणि पावसाळ्यात त्याचे कापड वाळत नाही. ते पैसे प्रत्येकाच्या टेबलामागे ३ × २ फुटांचा पिनबोर्ड लावायला वापरा, आणि त्यावर काय लावायचे ते ज्याचे त्याला ठरवू द्या. मुंबईचा ग्राहक ओटीवर बसून माजघरातल्या त्या नऊ फळ्यांकडे पाहील. चालू असलेल्या कामाचे कच्चे आराखडे तिथे दिसले, तर तुमच्याबद्दल त्याला जे कळेल ते काचेच्या केबिनीतून कळणार नाही.

प्रश्न : निळ्या रंगाने कल्पकता वाढते असे वाचले. ऑफिसच्या चारही भिंती निळ्या कराव्यात का? – एक वाचिका, खेड

नको. हे बहुधा ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील रवी मेहता आणि ज्युलिएट झू यांच्या २००९ च्या प्रयोगातून आले असावे. त्यात संगणकाची पार्श्वभूमी निळी किंवा लाल ठेवली होती. भिंती रंगवल्या नव्हत्या. २०१४ मध्ये त्यातला एक भाग दुसऱ्याने करून पाहिला तेव्हा तो परिणाम दिसला नाही. रंग ठरवताना उजेडाचा विचार करा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे दुपारीही आभाळ भरलेले असते आणि खिडकीतून येणारा प्रकाश झाडांवरून हिरवा होऊन येतो. गडद भिंत तो गिळून टाकते. छत पांढरे, भिंती दुधी किंवा फिक्या मातकट रंगाच्या ठेवा. छपाईचे किंवा फोटोचे काम असेल तर स्क्रीनच्या मागची भिंत फिकी राखाडी हवी, नाहीतर डोळा रंग चुकीचे पाहतो.

प्रश्न : माझे कर सल्लागाराचे ऑफिस आहे. १२० चौरस फुटांची केबिन, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतींना प्लास्टिक पेंट, दीड टनी एसी. जून उजाडला की कुबट वास येतो, कपाटामागे काळी बुरशी, फायलींना पांढरे डाग. एसी १८ वर ठेवतो तरी फरक नाही. दर वर्षी गणपतीच्या आधी रंग काढतो, दिवाळीपर्यंत पोपडे येतात. येणारे लोक नाकाला रुमाल लावतात, फार ओशाळल्यासारखे होते. – एक वाचक, कुडाळ

ओशाळू नका. यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकात एक मिसळल्या आहेत, त्या सुट्या केल्या की उपाय सोपा आहे.

पहिल्यांदा ओल कुठून येते ते शोधा. एक फूट चौरस प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला दिसले तर खोलीतल्या हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर जमते आहे. पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंतीवर हे वेगवेगळे करून पाहा, कारण पावसाची झड त्याच बाजूंनी बसते.

भिंतीतून येत असेल तर आतून काहीही लावून उपयोग नाही. चिरा पाणी पितो आणि हवा मिळाली की सोडतो. प्लास्टिक पेंटने त्याचे आतले तोंड बंद झाले, म्हणून पाणी रंगाला ढकलून बाहेर येते. तेच तुमचे पोपडे. बाहेरचे सांधे तपासा, त्यांतला निघालेला मसाला पुन्हा भरा, वळचण आखूड असेल तर तीन फुटांचा पत्र्याचा किंवा कौलाचा छज्जा काढा. पूर्वी पावसाळ्यात पडवीला झावळ्यांचे झाप बांधत, ते भिंत कोरडी ठेवण्यासाठीच. बाहेरून सिलेन-सिलोक्सेन प्रकारचे पाणीरोधक द्रावण मारा. ते थेंब अडवते पण वाफ बाहेर जाऊ देते. आतला प्लास्टिक पेंट खरवडून चुन्याचा किंवा वाफ जाऊ देणारा रंग लावा.

आणि रंग गणपतीच्या आधी काढू नका. ही सवय घराघरांत आहे हे खरे, पण भाद्रपदात चिरा वर्षातला सर्वांत ओला असतो. दिवाळीनंतर दीड-दोन महिने भिंत वाळू द्या आणि पौष ते फाल्गुनात रंगवा. गणपतीला ऑफिस देखणे दिसावे असे वाटत असेल तर धुऊन पुसून तोरण बांधा, तेवढे पुरे.

दुसरी गोष्ट एसी. १२० चौरस फुटांना एक टन पुरतो. दीड टनी यंत्र खोली झटकन थंड करते आणि कॉम्प्रेसर थांबतो. हवेतले पाणी काढायला त्याला सलग चालावे लागते, तेवढा वेळच मिळत नाही. उलट पंखा चालू राहून ओल्या कॉइलवरचे पाणी परत खोलीत फेकतो. शिवाय पावसाळ्यात आपल्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होते तो) २४-२५ अंशांच्या आसपास असतो. तुम्ही १८ वर ठेवलेल्या खोलीच्या भिंती, फायली, टेबल हे सगळे त्याहून थंड होते. संध्याकाळी एसी बंद करून दार उघडले की बाहेरची हवा त्यांच्यावर घाम होऊन बसते, आणि रात्रभर बुरशीला ते पाणी मिळते. एसी २५-२६ वर, ड्राय मोडमध्ये ठेवा, पंखा ‘ऑटो’वर. चारपाचशे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक टेबलावर ठेवा. आकडा ६० च्या आसपास राहिला पाहिजे, ७० च्या वर दिवसचे दिवस राहिला की बुरशी ठरलेली. एवढ्याने भागले नाही तर दिवसाला १२ ते २० लिटर पाणी काढणारा डीह्युमिडिफायर घ्या. तो चालू असताना खिडकी बंद हवी, आणि त्याची नळी थेट मोरीत सोडा. बादली भरली की तो आपोआप बंद पडतो आणि सुट्टीच्या दिवशी कुणाच्या लक्षात येत नाही.

तिसरे, कपाट. भिंतीपासून दोन इंच आणि जमिनीपासून चार इंच सोडा. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड फुगतो, तो काढून टाका. आयएस ७१० चा शिक्का असलेले (मरीन) प्लायवुड घ्या आणि त्याच्या मागच्या बाजूलाही लॅमिनेट लावा. सुतार मागची बाजू कोरी सोडतो, कारण ती दिसत नाही; पाणी तिथूनच शिरते आणि फळी बाक धरते.

काळी बुरशी कोरड्या झाडूने झाडू नका, बीजाणू खोलीभर उडतात. तोंडाला मास्क, साबणाच्या पाण्यात बुडवलेले फडके, आणि मग पंख्याने वाळवणे. ब्लीच वापरलेच तर त्यात ॲसिड किंवा दुसरे कुठलेही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू होतो. सुगंधी फवारे बंद करा. कुबट वासावर मोगऱ्याचा वास मारला की माणसाला लगेच कळते की काहीतरी झाकले आहे.

प्रश्न : आमचा काजू प्रक्रियेचा कारखाना आहे. कोल्हापूर, पुणे, मुंबईहून खरेदीदार येतात. ऑफिसवर चार लाख खर्चायचे ठरवले आहे. इटालियन मार्बल, सोनेरी अक्षरांची पाटी, चामड्याचे सोफे आणि पिवळे कन्सिल्ड दिवे असे अंदाजपत्रक आले आहे. यातून कंपनीची प्रतिमा उंचावेल का? – एक वाचिका, वेंगुर्ले

खरेदीदार तुमच्याकडे काय पाहायला येतो, तिथून सुरुवात करू. तो डब्ल्यू ३२० चा गर हातात घेतो. एका पौंडात ३०० ते ३२० गर बसतात की नाही, रंग पांढरा आहे की नाही, साल कुठे चिकटून राहिली आहे का, तुकडा किती, ओलावा किती, हे बघतो. म्हणजे तुमच्या ऑफिसातली सर्वांत महत्त्वाची वस्तू सोफा नसून नमुन्याचे टेबल आहे, आणि अंदाजपत्रकात तेच नाही.

पिवळे दिवे तर तुमच्या मालाचे थेट नुकसान करतील. २७००-३००० केल्विनच्या पिवळसर प्रकाशात (हा आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळा) चांगला पांढरा गरही भाजून पिवळसर झालेल्या, म्हणजे ‘स्कॉर्च्ड’ प्रतीसारखा दिसतो. खरेदीदार तोंडाने बोलणार नाही, भाव कमी सांगेल. टेबल ५ × ३ फूट, वर पांढरा पण चकाकी नसलेला पृष्ठभाग, उत्तरेच्या खिडकीला लागून. त्यावर ४००० ते ५००० केल्विनचा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर असलेला दिवा, टेबलावर ७५० ते १००० लक्स (उजेडाचे माप) पडेल असा. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय छापलेला नसेल तर तो घेऊ नका. टेबलावर वजनकाटा, ओलावा मोजायचे यंत्र आणि प्रत्येक प्रतीचा काचेच्या झाकणाचा एक खण: १८०, २१०, २४०, ३२०, ४५०, पाकळी, तुकडा. प्रत्येक खणावर तारीख. नमुना आठवड्याला बदला. आपल्या हवेत उघडा गर दोन दिवसांत मऊ पडतो आणि मऊ नमुना ठेवण्यापेक्षा रिकामा खण बरा.

टेबलासमोरच्या भिंतीत ४ × ३ फुटांची बंद काचेची खिडकी काढून प्रतवारीची खोली दिसू द्या. डोक्याला टोपी, हातात मोजे घालून बसलेल्या बायका आणि स्वच्छ टेबले दिसली की खरेदीदाराच्या निम्म्या शंका मिटतात. मात्र या खिडकीची एक अट आहे. ती खोली रोज तशीच असली पाहिजे, आणि तिथे काम करणाऱ्यांना कुणीतरी सतत न्याहाळतो आहे असे वाटता कामा नये. त्यांना आधी विचारा, आणि खिडकी त्यांच्या बाजूला येऊ दे, पाठीशी नको.

मार्बल रद्द करा. इटालियन मार्बल सच्छिद्र आणि मऊ असतो. पायाखालची लाल माती आणि चहाचा डाग त्यात मुरतो. तुमच्या जिल्ह्यातला चिरा एका भिंतीला उघडा ठेवलात तर पाहुण्याला आपण कुठे आलो आहोत ते कळते. कोऱ्या चिऱ्यातून भुकटी झडते, म्हणून मशीनने कापलेला, पातळ सांध्याचा चिरा लावा आणि वर चकाकी नसलेले पारदर्शक सीलर द्या. चकाकणारे वॉर्निश मारले की तो प्लास्टिकसारखा दिसतो. सावंतवाडीच्या चितारआळीत लाखकाम होते. तिथून भेट देण्याजोगी एखादी पेटी किंवा तबक करून घ्या, नमुने त्यात मांडून पुढे करता येतील. एक वस्तू पुरे. चार झाल्या की दुकान वाटते.

पाटीबद्दल. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर नाव मराठीत, देवनागरीत असणे सक्तीचे आहे, आणि इतर लिपीतली अक्षरे मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत. दहापेक्षा कमी कामगार असले तरी हे लागू आहे. अक्षराच्या उंचीचा हिशेब सोपा आहे: सहज वाचता यावे यासाठी तीन मीटर अंतराला २५ मिमी. रस्ता ३० मीटरवर असेल तर २५० मिमी. ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची. वेलांटी आणि उकाराला वरखाली आणखी जागा सोडा. पाटीवाले संगणकावर चौकटीत बसवायला अक्षरे दाबतात आणि ‘र्ल्ये’सारखी जोडाक्षरे डाग होऊन जातात. कागदावर पूर्ण मापात छापून गेटवरून वाचून पाहा, मगच कापायला द्या.

आणखी एक, ते कुणी सांगत नाही. ऑफिस भट्टी आणि बॉयलरच्या पश्चिमेला असू द्या. दिवसा वारा समुद्राकडून येतो, त्यामुळे टरफलांच्या तेलाचा उग्र धूर ऑफिसपासून दूर जाईल. जागा बदलता येत नसेल तर निदान ऑफिसच्या हवेचा शिरकाव पश्चिमेकडून ठेवा.

प्रश्न : समुद्रापासून दोनशे मीटरवर ऑफिस आहे. ‘स्टेनलेस’ म्हणून घेतलेले रेलिंग, दाराच्या मुठी आणि पाटीची अक्षरे वर्षात तपकिरी झाली. फसवणूक झाली का? – एक वाचक, अलिबाग

बहुधा नाही. तुम्हाला ३०४ प्रतीचे स्टील मिळाले असणार. खाऱ्या वाऱ्यातले क्लोराइड त्यावर बसते आणि चहाच्या डागासारखे ठिपके उठतात. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असते, ते किनाऱ्यावर तग धरते. बाहेरच्या वस्तू ३१६ मध्येच घ्या, आणि स्क्रूही त्याच प्रतीचे. लोखंडी स्क्रूचा गंज ओघळून चांगली अक्षरेही खराब करतो. वेल्डिंगचा काळपट पट्टा पिकलिंग पेस्टने साफ करून घ्या, गंज तिथून सुरू होतो. पावसाळा सोडून दर महिन्याला गोड्या पाण्याने धुवा. पावसात मीठ आपोआप धुतले जाते, पण छताखालच्या भागाला तो फायदा मिळत नाही, आणि डाग आधी तिथेच पडतात. लोखंड वापरायचेच असेल तर हॉट-डिप गॅल्व्हनाइज करून वर रंग.

प्रश्न : घराच्या जुन्या माजघरात ऑनलाइन आंबा विक्रीचे ऑफिस थाटले आहे. मंगलोरी कौले, उंच आढे, पण दिवसाही दिवा लावावा लागतो. भिंत फोडायला वडील तयार नाहीत. – एक वाचिका, देवरुख

वडिलांचे ऐका. काचेची कौले घाला. उत्तरेच्या उतारावर घातलीत तर बहुतेक वर्षभर दक्षिणेच्या उतारापेक्षा थेट ऊन कमी उतरेल. दक्षिण-पश्चिमेला घातलीत तर चैत्रात स्क्रीनवर उन्हाचा चौकोन सरकत राहील. ८-१० फूट चौरस जागेला चार कौले, एका ठिकाणी गठ्ठा न करता एकाआड एक. दुकानात जाताना तुमच्या छपरावरचे एक जुने कौल पिशवीत घालून न्या. कारखान्यागणिक खाचा वेगळ्या असतात, आणि खाच नीट बसली नाही तर पहिल्याच झडीला ठिबक लागते. मे महिन्यात कौले चाळायला माणूस चढेल तेव्हाच हे काम करून घ्या आणि दर वर्षी त्याच वेळी काच धुवा, शेवाळाने उजेड निम्मा होतो. वानरांचा उपद्रव असेल तर दोन कौले जास्तीची घेऊन ठेवा.

आढ्याखालची लाकडे काळी असतात, ती उजेड शोषतात. त्यांना रंग देऊ नका. टेबलावर टेकवता येणारा एक दिवा, ४००० केल्विन, कामाच्या जागी ५०० लक्स, एवढे बास. ती उंची मात्र जपा, फॉल्स सिलिंग कुणी सुचवले तरी करू नका. मिनेसोटा विद्यापीठातील जोन मेयर्स-लेव्ही आणि वर आलेल्या ज्युलिएट झू यांनी २००७ मध्ये ८ फूट आणि १० फूट छताखाली लोकांना कामे दिली. उंच छताखाली माणसे मोकळा, व्यापक विचार करत होती आणि बुटक्या छताखाली बारीक तपशिलात शिरत होती. म्हणजे आंब्याच्या हंगामाची आखणी माजघरात करा आणि पेट्यांचा हिशेब बुटक्या पडवीत.

प्रश्न : जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावरचे आमचे ऑफिस छतापर्यंत बुडाले. तेव्हा जमेल तसे उभे केले, आता नीट करायचे आहे. जागा बदलता येत नाही. – एक वाचक, चिपळूण

२२ जुलैला जिथवर पाणी चढले ती पातळी टाळून काही बांधणे तळमजल्यावर शक्य नाही. म्हणून अर्ध्या तासात काय वर नेता येते आणि काय पाण्यात राहिले तरी चालते, या दोन याद्या करा आणि नकाशा त्यावरून काढा.

पाण्यात राहू शकते ते: कोटा किंवा व्हिट्रिफाइड जमीन, सिमेंटचे प्लास्टर, सिमेंट बोर्डाचे पार्टिशन, गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पायांची टेबले. जिप्सम, पीओपी, वॉलपेपर, लाकडी जमीन नको. टेबलाचा प्लायवुडचा माथा चार बोल्टांवर ठेवा, पान्याने दोन मिनिटांत सुटेल आणि जिन्यावरून जाईल. जमिनीला ठोकलेली कपाटे करू नका. आत चिखल साचतो आणि काढता येत नाही. चाकांची, दोन माणसांना उचलता येतील अशी कपाटे घ्या. मूळ कागदपत्रे वरच्या मजल्यावर, स्कॅन प्रती बाहेरगावच्या सर्व्हरवर.

वीज छताकडून खाली आणा. डीबी (वीज वाटणारी पेटी) वरच्या मजल्यावर, आणि तळमजल्याचे खालचे सॉकेट वेगळ्या एमसीबीवर (पेटीतल्या खटक्यावर), म्हणजे पाणी शिरताना ते आधी तोडता येतील आणि दिवे चालू राहतील. सर्व्हर, राउटर, इन्व्हर्टर वर.

पाणी ओसरल्यावर चिखल ओला असतानाच धुवा, वाळला की सिमेंटसारखा धरतो. भिंत पाण्याच्या रेषेच्याही वर फूट-दोन फूट ओल ओढते, तेवढा सगळा भाग उघडा ठेवून वाळवा. महिनाभरात पॅनेल लावून झाकला तर आत बुरशी वाढते आणि बाहेरून काही कळत नाही. पाण्याची रेषा मात्र रंगाने पुसून टाकू नका. दारापाशी पितळेची एक बारीक पट्टी त्या उंचीवर बसवा, तारखेसह. नवीन कामावर आलेल्या माणसाला कपाटांना चाके का आहेत हे त्याने कळेल.

प्रश्न : पावसात वीज वारंवार जाते, ग्राहकाशी व्हिडिओ कॉल तुटतो आणि आमच्याबद्दल वाईट मत होते. सहा जणांना किती इन्व्हर्टर लागेल? – एक वाचक, मालवण

सहा लॅपटॉप प्रत्येकी ६५ वॅट म्हणजे ३९०, चार बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे १२०, आठ एलईडी ९६, राउटर आणि फायबरचा डबा १५. एकूण सुमारे ६२० वॅट. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते, पण ती पूर्ण रिकामी करायची नसते, इन्व्हर्टरमध्येही काही जाते. हाती हजारच्या आसपास धरा, म्हणजे दीड तास. दोन बॅटऱ्या आणि २४ व्होल्टचा, प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर घेतलात तर तीन तास निघतात. प्रिंटर आणि किटली या लाइनवर नको. राउटर आणि फायबरच्या डब्याला वेगळा छोटा यूपीएस लावा. इन्व्हर्टर बॅटरीवर जाताना लॅपटॉप टिकतो, पण राउटर एक क्षण विझून पुन्हा सुरू व्हायला दोन मिनिटे घेतो, आणि कॉल तुटतो तो तिथे. बॅटरीचे पाणी मे महिन्यात भरा, टोकांना पेट्रोलियम जेली लावा. खाऱ्या हवेत ती हिरवी पडली की बॅटरी चार्जच होत नाही.